डोळ्याला पट्टी बांधण्याआधी

वाचकांचे पत्र :

मागच्या वर्षापर्यंत मी शहरातील एका रुग्णालयात सामान्य कक्षात काम करीत होते. आता सांगली जिल्ह्यातील उसाच्या पट्ट्यात एका उपकेंद्रावर आरोग्यसेविका म्हणून रुजू झाले आहे. महिन्याभरात दोन प्रसंग असे घडले की त्यांनी माझी झोप उडवली. ऊसतोडीला आलेल्या एका बाईच्या डोळ्याला उसाचे पाते लागले. तिने औषधाच्या दुकानातून ड्रॉप आणून चार दिवस घातले. आधी बरे वाटले, पण आठव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका घेऊन ती माझ्याकडे आली. मी डोळ्यावर कापसाची घट्ट पट्टी बांधली आणि तिला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या रुग्णालयात जाण्यास सांगितले. दुसरा प्रसंग तीन वर्षांच्या मुलाचा. आजोबांच्या चंचीतील चुन्याची पुडी त्याने दाबली आणि चुना त्याच्या डोळ्यात उडाला. मी डॉक्टरांना फोन लावत राहिले, चुन्यावर काही उतारा आहे का हे शोधत राहिले आणि डोळा धुण्यास दहा मिनिटे उशीर केला. प्रशिक्षणात डोळ्यांचा भाग आमच्याकडून घाईने उरकून घेतला होता. शिबिरात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेले रुग्णही माझ्याकडेच येतात. डोळ्याच्या रुग्णासाठी परिचारिकेने नेमके काय करावे आणि काय करू नये?

उत्तर :

प्रिय सिस्टर,

तुम्हाला ती दहा मिनिटे बोचत आहेत, म्हणून तेथूनच सुरुवात करते. नेत्रविभागातील माझ्या पहिल्याच वर्षी चुना डोळ्यात गेलेल्या एका गवंड्याला मी बाकावर बसवले होते आणि त्याच्या भावाला केसपेपर काढण्यासाठी खिडकीकडे पाठवले होते. रांग मोठी होती. कागद हातात येईपर्यंत चुना आपले काम करीत होता, आणि मी मात्र नियमाप्रमाणे वागत असल्याच्या समाधानात होते. त्या दिवसापासून एक क्रम माझ्या हाताला कायमचा लागला. इतर सर्व डोळ्यांच्या बाबतीत आधी विचारायचे, मग पाहायचे, मग हात लावायचा. रसायन गेलेल्या डोळ्याच्या बाबतीत मात्र आधी धुवायचे आणि जे विचारायचे ते धुता धुता विचारायचे.

याचे कारण एकदा समजले की ही घाई आपोआप अंगात येते. आम्ल डोळ्यात गेले तर ते पृष्ठभागावरील प्रथिने गोठवते, आणि त्या गोठलेल्या थरामुळे त्याची स्वतःचीच आत शिरण्याची वाट बऱ्याच अंशी अडते. चुना, कॉस्टिक सोडा किंवा अमोनिया यांसारखी अल्कली द्रव्ये अशी थांबत नाहीत. पेशींच्या आवरणातील स्निग्धांशाचा ती अक्षरशः साबण करतात आणि बुबुळावरील पारदर्शक पडद्यातून, म्हणजे कॉर्नियातून, आतपर्यंत झिरपत राहतात. त्यातही चुन्याची खोड अशी की त्याचे कण वरच्या पापणीच्या आतल्या घडीत चिकटून बसतात आणि तेथून पुढे कितीतरी वेळ थोडेथोडे विरघळत राहतात. वरवर धुतलेला डोळा तासाभराने पुन्हा भाजू लागतो तो यामुळे. उताऱ्याच्या शोधात कधीही पडू नका. लिंबू, ताक किंवा व्हिनेगर घालून चुना ‘मारण्याचा’ सल्ला देणारे कोणीतरी गावात असतेच. पण त्या प्रक्रियेत उष्णता निर्माण होते आणि एका इजेच्या जागी दोन इजा होतात. पाणी हाच उतारा आहे.

सलाइन किंवा रिंगर लॅक्टेट या शिरेतून देण्याच्या द्रावणाची बाटली हाताशी असेल तर ती घ्यावी; नसेल तर नळाचे किंवा माठातले स्वच्छ पाणी लगेच सुरू करावे, कारण निर्जंतुक पाण्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो साध्या पाण्याने होणाऱ्या संभाव्य संसर्गापेक्षा महाग पडतो. बाटलीला आयव्ही सेट जोडून सुईचे टोक काढून टाकले की हाताने दिशा देता येईल अशी उत्तम धार मिळते. मुलाला चादरीत हात आत घेऊन गुंडाळावे, आईच्या मांडीवर किंवा टेबलावर आडवे करावे आणि मान इजा झालेल्या डोळ्याच्या बाजूला वळवावी, म्हणजे वाहणारे पाणी चांगल्या डोळ्यात जाणार नाही. धार नाकाकडच्या कोपऱ्यातून कानाकडे वाहू द्यावी. एकीने पापण्या उघड्या धरायच्या आणि दुसरीने धार सोडायची. उपकेंद्रात तुम्ही एकट्याच असाल तर आशाताईंना किंवा मुलाच्या आईला पापणी धरायला शिकवावे. ओल्या पापण्या निसटतात, म्हणून बोटांखाली कोरड्या गॉजचा तुकडा घ्यावा. हे किमान अर्धा तास चालले पाहिजे. मूल रडेल, आई ‘पुरे आता’ म्हणेल आणि तुमचाही धीर सुटेल. म्हणून घड्याळ समोर ठेवा. मधेच खालची पापणी खाली ओढून आणि वरची पापणी बडच्या काडीवर उलटून आत पांढरे कण दिसतात का ते पाहावे. सुटे कण ओल्या बडने अलगद टिपावेत. चिकटलेले खरवडू नयेत, ते काम नेत्रतज्ज्ञांचे आहे. एक अपवाद लक्षात ठेवा. पानाचा चुना भिजवलेला असतो, त्यामुळे पाणी थेट चालते. पण रंगकामाच्या किंवा बांधकामाच्या ठिकाणची कोरडी चुनकळी चेहऱ्यावर सांडली असेल, तर पापण्यांवरची आणि गालावरची भुकटी आधी कोरड्या कापडाने चटकन झटकून मग धार सुरू करावी, कारण कळीच्या चुन्यावर पाणी पडले की तो तापतो.

धुणे पुरे झाले की नाही हे कसे कळावे? धार थांबवून पाच ते दहा मिनिटे थांबावे आणि खालच्या पापणीच्या आत पीएच कागदाचे, म्हणजे आम्ल-अल्कलीचे प्रमाण आकड्यात दाखवणाऱ्या कागदाचे, टोक टेकवावे. तो कागद नसेल आणि तुमच्याकडील लघवी तपासणीच्या पट्टीवर पीएचचा चौकोन असेल, तर तोही चालतो. मोजमाप 7 ते 7.5 च्या दरम्यान आले तर ठीक, त्यापेक्षा वर असेल तर पुन्हा धार सुरू. हे सगळे आटोपल्यावर दृष्टीची नोंद, चिठ्ठी आणि रवानगी. वाटेत रुग्णवाहिकेतही धार चालू ठेवता आली तर उत्तमच. तपासताना एक फसगत टाळायला हवी. लालभडक डोळा पाहून आपण घाबरतो आणि पांढरा दिसणारा डोळा पाहून निर्धास्त होतो. चुन्याच्या इजेत हा हिशेब उलटा असतो. बुबुळाच्या कडेभोवतीचा भाग पांढराफटक दिसत असेल, तर तेथील रक्तवाहिन्याच जळून बंद झालेल्या असतात आणि ती इजा अधिक गंभीर असते.

आता उसाचे पाते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, असे आपण हसत म्हणतो. पण ज्या डोळ्यात कुसळ जाते किंवा ज्याच्यावर पात्याची धार ओढली जाते, त्याच्या दृष्टीने ते मुसळाहून कमी नसते. पात्यामुळे कॉर्नियाच्या वरच्या थराला बारीक ओरखडा पडतो. सुदैवाने स्वच्छ ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. पण पात्यावर, मातीत, पाचटात बुरशीचे बीजाणू असतात आणि पृष्ठभागाचा थर फाटला की फ्युझेरियम किंवा ॲस्परजिलससारख्या बुरशींना आत शिरायला दार मिळते. आपल्याकडच्या उष्ण प्रदेशात शेतकऱ्यांच्या आणि शेतमजुरांच्या डोळ्यांत होणाऱ्या व्रणांपैकी बऱ्याच व्रणांचे मूळ असेच असते, आणि गावात ज्याला ‘डोळ्यात फूल पडले’ म्हणतात, तो पुष्कळदा भरून आलेल्या अशाच व्रणाचा वण असतो.

त्या बाईंच्या बाबतीत खरा घात झाला तो चार दिवस ‘बरे वाटले’ तेव्हा. लाल डोळ्यासाठी म्हणून दुकानातून जे ड्रॉप मिळतात, त्यांतील अनेकांमध्ये प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइड असते. स्टेरॉइडमुळे लाली उतरते, दुखणे कमी होते आणि रुग्णाला गुण आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराचा प्रतिकार झोपी गेलेला असतो आणि बुरशी मोकाट वाढत असते. म्हणून डोळ्याचा कोणताही रुग्ण आला की ‘काय घातले?’ असे विचारून थांबू नका, बाटली मागवा आणि तिच्यावरील बारीक अक्षरे वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही दिसले, तर ते स्टेरॉइड आहे. हीच औषधे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर नेत्रतज्ज्ञ स्वतः देतात आणि तेथे ती योग्यच असतात. घोटाळा होतो तो शस्त्रक्रियेनंतर उरलेली आजोबांची बाटली सुनेच्या पाते लागलेल्या डोळ्यात पडते तेव्हा. शिबिराच्या रुग्णांना भेटायला जाल, तेव्हा औषधाचा काळ संपलेल्या बाटल्या तुमच्या देखत फेकायला लावा. दुकानाच्या ड्रॉपइतकेच हानिकारक प्रकार घरातही होतात: अंगावरचे दूध, मध, एरंडेल, कुठल्यातरी पाल्याचा रस, आणि जिभेने कण काढणे. यांवरून रुग्णाला रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी ती ते लपवील आणि तुम्हाला खरा इतिहास मिळणार नाही.

तुमच्या हातात किती आहे, याविषयी नेपाळमधील भक्तपूर येथे झालेल्या अभ्यासाची हकिकत सांगते. त्याचा अहवाल 2001 साली प्रसिद्ध झाला. तेथे गावपातळीवरील प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी डोळ्याला ओरखडा पडलेल्या 442 जणांना 1 टक्का क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस दिले. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्या 284 जणांवर उपचार सुरू झाले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. जे चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी आले, त्यांच्यापैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक लोकांना तो झाला. मलम स्वस्त होते, देणारे डॉक्टर नव्हते. फरक पडला तो फक्त वेळेने. तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून अशा ताज्या ओरखड्यासाठी लेखी सूचना घेऊन ठेवा, मलम उपकेंद्रात ठेवा आणि तोडीच्या हंगामात टोळ्यांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, जाऊन एवढाच निरोप द्या की पाते लागले तर त्याच दिवशी यायचे. ओरखडा ओळखण्यासाठी फ्लुओरेसीनची पट्टी मिळाली तर फार उपयोग होतो: सलाइनच्या थेंबाने ओली करून ती खालच्या पापणीच्या आत टेकवली की जेथे थर फाटला आहे ती जागा निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. मलम दिले तरी दररोज डोळा पाहायचा. बुबुळावर राखाडी-पांढरा डाग दिसला, दुखणे वाढले किंवा दृष्टी धूसर झाली, तर मलमाचा प्रश्न संपला. रुग्ण त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेला पाहिजे.

आणि पट्टी. तुम्ही बांधलीत ती मायेने बांधलीत हे मला कळते, कारण झाकलेल्या डोळ्याला जरा आराम पडतो आणि रुग्णालाही काहीतरी केल्यासारखे वाटते. परंतु संसर्ग झालेला किंवा होण्याची शक्यता असलेला डोळा बंद पट्टीखाली उबदार आणि ओला राहतो, स्राव आतच साठतो, थेंब वेळेवर पडत नाहीत आणि सर्वांत वाईट म्हणजे आत काय चालले आहे ते कोणालाच दिसत नाही. म्हणून व्रण, आलेले डोळे आणि झाडपाल्याने झालेला ओरखडा यांना पट्टी नाही. उजेड खुपत असेल तर काळा चष्मा किंवा पदराची सावली पुरे.

याउलट, ज्या एका इजेत डोळा झाकायलाच हवा, तेथेही कापूस नको. विळ्याचे टोक, तार, काटा, बैलाचे शिंग किंवा काचेचा तुकडा लागून डोळा फुटल्याची शंका असेल, म्हणजे बाहुली गोल न दिसता एका बाजूला ओढलेली दिसत असेल, आतला काळपट भाग बाहेर डोकावत असेल किंवा डोळा मऊ पडून बसल्यासारखा वाटत असेल, तर त्या डोळ्यावर यत्किंचितही दाब पडता कामा नये. तेथे हवे ते कवच: धातूची किंवा प्लास्टिकची नेत्रढाल, आणि ती नसेल तर चहाच्या कागदी कपाचा तळाकडचा अर्धा भाग कापून कपाळ आणि गालाच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने लावायचा. धुवायचे नाही, थेंब नाही, मलम तर मुळीच नाही. रुतलेली वस्तू काढायची नाही. मोठी असेल तर ती हलणार नाही अशी आधार देऊन तशीच पाठवायची. भूल द्यावी लागेल म्हणून तोंडाने काही द्यायचे नाही, डोके थोडे उंच ठेवायचे, धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहायचे आणि उलटी होत असेल तर डॉक्टरांना विचारून ती थांबवायचे औषध आधी द्यायचे, कारण उलटीच्या जोराने डोळ्यातील भाग बाहेर येऊ शकतो. चेंडू किंवा ठोसा लागून कॉर्नियामागे, बुबुळाच्या समोर रक्त साठले असेल, तर त्यालाही कवच, उशाला उंची, विश्रांती आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे रवानगी. दुखते म्हणून ॲस्पिरिन देऊ नये, कारण पहिल्या काही दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते.

कोयत्याला धार लावताना किंवा छिन्नीवर हातोडा मारताना ‘काहीतरी उडाले’ असे कोणी सांगितले, आणि डोळा वरून अगदी ठीक दिसत असला, तरी त्याला परत पाठवू नका. वेगाने उडालेला लोखंडाचा कण जवळजवळ वेदना न होता डोळ्याच्या आत शिरू शकतो आणि गंजत बसून महिन्यांनी दृष्टी नेतो. अशा रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘धातूचा कण असण्याची शंका’ हे शब्द ठळक लिहा. पुढे कोणी एमआरआयचा विचार केला तर ते शब्द त्याचा डोळा वाचवतील. वेल्डिंगचा उजेड लागलेला माणूस संध्याकाळी किंवा मध्यरात्री तळमळत येतो. ते दुखणे भयंकर असले तरी एक-दोन दिवसांत बरे होते. त्याला डोळा बधिर करणारे थेंब घरी देण्याचा मोह मात्र टाळा. वारंवार घातल्यास ते कॉर्निया भरून येऊ देत नाहीत.

पावसाळ्यात तुमच्याकडे गर्दी होईल ती डोळे आलेल्यांची. 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर अशी साथ आली होती आणि ‘नुसते बघितल्याने लागण होते’ ही समजूत तेव्हा पुन्हा ऐकू आली. लागण हाताने, टॉवेलने, उशीच्या अभ्र्याने होते, नजरेने नव्हे. साथीतील बहुतेक रुग्ण आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात; त्यांना उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने नाकाकडून बाहेरच्या बाजूला चिपडे पुसणे, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा आणि साबणाने हात धुणे एवढे पुरते. तुम्ही स्वतः दोन रुग्णांच्या मधे हात धुता की नाही, हा येथे खरा प्रश्न आहे, कारण एका ड्रॉपच्या टोकाने पापणीला स्पर्श केला की पूर्ण वस्तीला प्रसाद मिळतो. मात्र एकच डोळा लाल असेल, नुसते चरचरण्याऐवजी खोल दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा कमी दिसत असेल, तर ते ‘डोळे येणे’ मानू नका. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. रांजणवाडीला गरम शेक द्या आणि पिळू देऊ नका.

प्रौढांमध्ये एक रोग असा आहे की तो डोळ्याचा असूनही पोटाचा म्हणून येतो. पन्नाशीच्या पुढची बाई, रात्रीपासून एका बाजूचे डोके फुटतेय, उलट्या होताहेत, आणि नातेवाईक म्हणतात पित्त उसळले. अशा वेळी चेहरा उजेडाकडे वळवून डोळा बघा. तो लाल असेल, बुबुळ धुरकट असेल, बाहुली अर्धवट मोठी होऊन उजेडाला हलत नसेल आणि दिव्याभोवती रंगीत कडे दिसल्याचे ती सांगत असेल, तर तो तीव्र काचबिंदूचा झटका आहे. डोळ्यातील दाब साधारण 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, झटक्यात तो त्याच्या दुपटी-तिपटीवर जातो आणि काही तासांतच डोळ्याच्या नसेची हानी होऊ लागते. मिटलेल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे तर्जनींच्या टोकांनी अलगद चाचपले तर दुखरा डोळा गोटीसारखा कडक लागतो. हे चाचपणे मार लागलेल्या डोळ्यावर कधीही करू नये. तिला अंधाऱ्या खोलीत निजवू नका, अंधारात बाहुली आणखी पसरते; उजेडात उताणे झोपवून वाहनाची सोय करा. दाब कमी करणारे टिमोलॉल डॉक्टरांनी सांगितले तर आधी दम्याबद्दल विचारा, आणि ॲसिटॅझोलामाइड सांगितले तर सल्फा गटाच्या औषधांच्या ॲलर्जीबद्दल.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांबद्दल तुम्ही विचारले आहे. त्यांच्या बाबतीत तुमचे अर्धे काम थेंब घालण्याची पद्धत शिकवण्यात आहे, आणि ती सांगून येत नाही, करून दाखवावी लागते. हात धुवायचे, वर पाहायला सांगायचे, खालची पापणी ओढून झालेल्या खोबणीत एकच थेंब सोडायचा, टोक कशालाही टेकवायचे नाही, डोळा अलगद मिटवून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट मिनिटभर दाबून धरायचे, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दोन औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर. ज्या आजींना अक्षरे वाचता येत नाहीत, त्यांच्या बाटल्यांना वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधा. रात्री कवच, डोळा न चोळणे, काही दिवस डोक्यावरून पाणी न घेणे, चुलीच्या धुरापासून दूर राहणे आणि बद्धकोष्ठ होऊ न देणे या सूचना नेहमीच्याच आहेत. पण शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यात दृष्टी सुधारत जाण्याऐवजी कमी झाली, दुखणे आणि लाली वाढली किंवा पू दिसला, तर सोमवारच्या ओपीडीची वाट पाहायची नाही. तो डोळ्याच्या आतील संसर्ग असू शकतो आणि तेथे दिवस नव्हे, तास मोजले जातात. शिबिर घेणाऱ्या रुग्णालयाचा रात्रीही लागणारा दूरध्वनी क्रमांक शिबिराच्या दिवशीच मागून घ्या.

दृष्टीची नोंद हा विषय कंटाळवाणा असला तरी त्यावर हट्ट धरते. रसायनाची इजा वगळता कोणत्याही डोळ्याला औषध लावण्याआधी, एकेक डोळा झाकून, सहा मीटरवरच्या तक्त्यावर किती दिसते ते लिहा. तक्ता नसेल तर किती अंतरावरून बोटे मोजता येतात, तेही नसेल तर हात हललेला दिसतो का, तेही नसेल तर उजेड कळतो का, एवढे तरी लिहा. ‘दिसते’ किंवा ‘कमी दिसते’ ही नोंद नव्हे. पुढच्या डॉक्टरांना रुग्ण सुधारतो आहे की बिघडतो आहे हे त्या एका ओळीवरून कळते.

आता तुमचे दोन रुग्ण. त्या बाई रुग्णालयात पोचल्या असतील, तर तेथे व्रणाचा खरवडा घेऊन तपासला असेल आणि बुरशी आढळल्यास 5 टक्के नॅटामायसिनचे थेंब सुरुवातीला दर तासाला सांगितले असतील. असे उपचार कित्येक आठवडे चालतात. ही बाटली प्रत्येक वेळी हलवून घ्यावी लागते, आणि त्या औषधाचा पांढरा थर खालच्या पापणीत साचतो, तो पू समजून घाबरू नका. अडचण औषधाची नसून कामाची आहे. दिवसाचा खाडा पडला की पैसे कापले जातात, उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायची असते, जोडीदार एकटा पडतो. अशा स्थितीत फडात पाचटाच्या धुळीत उभे राहून तासातासाला थेंब घालणे तिला जमणार नाही. वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून विश्रांतीची लेखी चिठ्ठी घ्या आणि ती तिच्या हाती न देता आशाताईंना बरोबर घेऊन स्वतः मुकादमाशी बोला. कोपीवर थांबणाऱ्या एखाद्या मोठ्या मुलीला थेंब घालायला शिकवा आणि प्रत्येक थेंबाची रेघ पुठ्ठ्यावर ओढायला सांगा. त्या कदाचित विचारतील की पूर्वीसारखे दिसेल का. खोटा धीर देऊ नका. व्रण भरला तरी वण राहू शकतो, आणि तो बाहुलीसमोर असेल तर दृष्टी कमी राहील, पण डोळा शांत झाल्यावर नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाच्या रोपणाचा मार्ग पुढे उरतो, हे त्यांना सांगा.

मुलाच्या घरी या आठवड्यातच जा. रुग्णालयाने दिलेली औषधे चालू आहेत का, डोळा पूर्ण उघडतो का, पापणीची आतली बाजू बुबुळाला चिकटू लागली आहे का ते पाहा. चिकटत असेल तर लगेच परत पाठवा. डोळा बरा दिसू लागला तरी त्याचे नाव वहीतून काढू नका. या वयात एका डोळ्यावर धूसर डाग राहिला तर मेंदू त्या डोळ्याकडून पाहणे सोडून देतो आणि डोळा मंद होतो, म्हणून सात-आठ वर्षांचा होईपर्यंत दोन्ही डोळ्यांची दृष्टी वेगवेगळी तपासली गेली पाहिजे. आईला त्या दहा मिनिटांबद्दल काय सांगावे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण मी तुमच्या जागी असते तर खरे तेच सांगितले असते, आणि पुन्हा असे झाले तर फोनच्या आधी माठाकडे धावायचे हेही तिला तेथेच, माठाशेजारी उभे राहून, करून दाखवले असते. निघताना आजोबांची चंची आता कोठे असते ते विचारा. कोनाड्यात असेल तर तुमच्या समोरच ती उंच खुंटीवर अडकवायला लावा.